काचेखालची तिथी

दुबईतल्या करामा भागात, एक शिंपी आणि एक मोबाइल दुरुस्तीवाला यांच्या मधोमध 'टिपणीस सँडविचेस' नावाचं अरुंद दुकान आहे. तिथे जाऊन चुकूनही 'जरा जाड कापा हं' असं म्हणू नये. म्हणायचंच असेल तर जेवणाची सुट्टी गेली असं धरून चालावं. कारण स्लायसरपाशी उभे असलेले अण्णासाहेब टिपणीस आधी यंत्र बंद करतात, मग हातमोजा काढतात, मग चष्म्यावरून आपल्याकडे असं बघतात, की आपण टर्की मागितली की त्यांची इस्टेट, हेच आपल्याला कळेनासं होतं.

"जाड?" ते विचारतात. "का? चप्पल शिवायची आहे?"

त्यानंतर व्याख्यान. जाड कापाचं सँडविच खाणारा माणूस पहिल्याच घासाला अख्खा काप दातांबरोबर ओढून बाहेर काढतो आणि हातात नुसता पाव उरतो. मग तो तोंडातून लोंबणारं मांस बोटाने आत ढकलत बसतो आणि नेमका तेव्हाच समोर साहेब येऊन उभा राहतो. तेच काप पातळ काढून, चुरगळलेल्या रुमालासारखे घड्या पाडून रचले, की मधे हवा राहते, मीठ जिभेवर उतरतं आणि घास सुटा तुटतो. सलामी सगळ्यात पातळ. मोर्तादेला नावाचं इटालियन सॉसेज तिच्या खालोखाल. भाजलेली कोंबडी किंचित जाड चालते, कारण तिला धागा असतो. आणि मांस फ्रिजमधून थेट यंत्रावर, कारण ते गार असलं तरच पातं सरळ जातं. या सगळ्यात खोटं काही नव्हतं. पण अण्णासाहेब ते अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला आपण आजवर जेवत नव्हतो, नुसते चरत होतो, असं वाटावं.

गिऱ्हाइकांबद्दल त्यांचं मत कधीच बरं नव्हतं. जिममधून थेट येणारी पोरं 'अण्णा, प्रोटीन हवंय, जाड द्या' म्हणत, त्यांना ते 'मग कच्चंच न्या' असं सुचवत. नव्याने पुण्याहून आलेले 'अठरा दिरहम? म्हणजे सव्वाचारशे रुपये! आणि आत हा कागद?' म्हणत, त्यांना ते बोटाने रस्त्यापलीकडचं वडापावचं दुकान दाखवत. "आम्ही ठाण्याचे सीकेपी," ते मागे वळून सांगत. "मांस आम्हाला कळतं. बाकीचे नुसतं खातात."

चपलेचं वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं नव्हतं. ते त्यांना फुकट मिळालं होतं, आणि फुकटच्या वस्तूची माणूस कदर करत नाही, पण वापर मनसोक्त करतो. ठाण्याहून ते आले ते दुबईच्याच देरा भागातल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर म्हणून. एक दिवस थंड पदार्थ करणारा माणूस आला नाही, म्हणून त्यांना स्लायसरवर उभं केलं. त्यांनी काढलेला पहिला काप तिथल्या लेबनीज शेफने दोन बोटांत उचलला, सगळ्यांना फिरवून दाखवला, 'याची चप्पल शिवा' म्हणाला आणि कचऱ्यात टाकला. मग स्वतः एक काप काढला, टेबलावरच्या अरबी वर्तमानपत्रावर पसरला आणि त्यातून खालची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. 'वाचता आलं तर खायचं. नाही आलं तर खलास.' अख्खं किचन हसलं. दुसरा कुणी असता तर शरमला असता, नाहीतर चिडला असता. अण्णासाहेबांना तो रुबाब आवडला. काप काढायला शिकण्यात त्यांचं वर्ष गेलं. त्या शेफसारखं नाक मुरडायला ते आठवड्याभरात शिकले.

पुढे स्वतःचं दुकान काढलं तेव्हा अरबी वर्तमानपत्र कामाचं नव्हतं, कारण ते वाचता येत नव्हतं. घरात छापील मराठी म्हणजे एकच, भिंतीवरची दिनदर्शिका. महिना उलटला की तिचं पान अण्णासाहेब काउंटरवरच्या काचेखाली सरकवत, दिवसाचा पहिला काप काचेवर पसरत आणि वाकून त्यातून तिथी वाचत. तिथी वाचता आली की यंत्राची, कापाची जाडी ठरवणारी चकती तिथेच कायम.

बायको कमलिनी हिने सुरुवातीला आकाशपाताळ एक केलं. "दत्तजयंतीवर मोर्तादेला ठेवता? काही लाजलज्जा आहे की नाही?" घरात वारांचे मटण-मासे रीतसर होत, पण ज्या दिवशी नाही त्या दिवशी नाही, आणि संकष्टीला तर तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नसे. शेवटी तह झाला. पान गेल्या महिन्याचंच असेल, देवाचं चित्र कापून मगच खाली जाईल आणि मधे काच राहील. उलटून गेलेली तिथी शिळी, तिला विटाळ नाही, असा निवाडा कमलिनीने दिला. तो कुठल्या शास्त्रात आहे हे तिला विचारण्याची कुणाची छाती झाली नाही.

ती दुकानातच असे. ते कापत, ती रचत. ते गिऱ्हाईक दुखावत, ती त्याच गिऱ्हाइकाला पिशवीत एक लोणच्याची काकडी जास्त टाकून परत यायला लावत. रोज वाकून वाचत बसायला तिला सवड नव्हती, म्हणून एक दिवस तिनेच यंत्राच्या आकड्यांच्या चकतीवर, दोनाच्या जरा अलीकडे, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "इथे लावायचं आणि कापायचं. उगीच पारायण नको." ठिपका अगदी बरोबर होता. अण्णासाहेबांनी पुन्हा पुन्हा तपासला आणि मान्य केला, तो असा: "चुकून बरोबर लागलाय."

या ठिपक्यावर दुकान चाललं, मुलगा दर्शन शिकला, गल्ल्यावर बसला, त्याची मुलगी शुभ्रा शाळेत जायला लागली. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर सगळ्यांचा फ्लॅट. अण्णासाहेबांची सत्तरी आली. त्यांच्या मते वयाने ते अधिक पारखी झाले होते. बाकीच्यांच्या मते अधिक असह्य.

आणि गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीला तिथी दिसेनाशी झाली.

लाल ठिपक्यावर चकती लावली, काप काढला, काचेवर पसरला, वाकून बघितलं, तर खाली नुसतं धुकं. अण्णासाहेबांनी तत्काळ गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. संशयितांत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. पहिला आळ टर्कीवर आला. सप्लायर पाणी मारतो, म्हणून मांस दाट येतं, सप्लायर बदलला. मग पात्यावर. त्याला धार लावून घेतली, धार लावणाऱ्याला अक्कल नाही असं ठरलं आणि नवं पातं आलं. मग दर्शनने बसवलेल्या पांढऱ्या दिव्यांवर. "हा उजेड आहे की फिनेल? सगळं धुऊन काढल्यासारखं दिसतं." दिवे बदलले. मग काचेवर ओरखडे निघाले, काच बदलली. मग मुंबईतले छापखाने शाई चोरतात असं निघालं, पण छापखाना बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. एवढं करून धुकं होतं तिथेच राहिलं, आणि संशय घ्यायला शेजारी उभी असलेली एकच व्यक्ती उरली.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दुकानात दुपारची गर्दी होती आणि कमलिनी यंत्रावर होती. अण्णासाहेबांनी तिने काढलेला काप उचलला, लेबनीज शेफने उचलला होता तसाच, दोन बोटांत, आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हे काप आहेत की पोळ्या?"

कमलिनीने तो त्यांच्या हातून घेतला, काचेवर ठेवला, वाकली आणि तिथी वाचून दाखवली. वार, तिथी, सण, सगळं.

"पाठ केलंस तू," अण्णासाहेब म्हणाले.

"तुम्ही एकदा डोळे दाखवून या."

"माझे डोळे? रस्त्यापलीकडून सांगतो मी कुठला काप जाड आहे ते. तुझा हात जाड झालाय. वय झालं तुझं, हे मान्य कर आता."

गिऱ्हाइकं आपापल्या फोनमध्ये बघू लागली. कमलिनीने ॲप्रन काढला, त्याची नीट घडी केली आणि ती काचेवर, त्या कापाशेजारी ठेवली. "मग कापा एकटेच," एवढं म्हणून ती वर गेली. त्यानंतर तिने दुकानाची पायरी उतरली नाही. घरात ती त्यांना वेळेवर वाढत होती, कामापुरतं बोलत होती, पण दुकानाचा विषय निघाला की उठून गॅलरीत जात होती. अण्णासाहेबांनी याला 'बायकी हट्ट' असं नाव देऊन विषय संपवला आणि ॲप्रन खुंटीला टांगला.

आता ठिपक्याचा मुलाहिजा ठेवायचं कारण उरलं नव्हतं. तिथी दिसेपर्यंत चकती फिरवायची, म्हणून त्यांनी ती दीडावर आणली, एकावर आणली, मग एकाच्याही खाली नेली. पात्याखालून काप यायचे बंद झाले आणि जाळी यायला लागली. मागची पुढच्याला चिकटे, उचलावी तर फाटे. पाकीट उघडलं की आत एक ओलसर गोळा. तरीही तिथी दिसत नव्हतीच. पण आता ती दिसायला हवी, कारण यापुढे पातळ काही उरलंच नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि 'दिसते' म्हणायला सुरुवात केली.

सुमैय्या नावाच्या हैदराबादच्या एक शिक्षिका वर्षानुवर्षं शाळेच्या डब्यासाठी त्यांच्याकडून चिकन नेत. त्या एक दिवस पाकीट घेऊन परत आल्या. "अण्णा, ये क्या दिया आपने? सेवइयाँ बनाऊँ इसकी?"

"मॅडम, इसको पतला बोलते हैं," अण्णासाहेब म्हणाले. "आपको आदत नहीं है."

सुमैय्याबाईंनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. अशी आणखीही माणसं गळली. शेवटी दर्शनने एका सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, तोंड उघडलं. तो वडिलांशी नेहमी ऑफिसातल्यासारखं बोलत असे; त्यामुळे भांडण टळतं असा त्याचा अनुभव होता.

"अण्णा, ऑनलाइन रेटिंग बघितलंत? ड्रॉप झालंय. आई खाली येत नाही, कस्टमर चुरा घेऊन जातायत. मी सप्लायरशी बोललोय. तो स्लाइस केलेली सील्ड पाकिटं देतो. सगळे स्लाइस सेम. आणखी एक कम्प्लेंट आली ना, तर मी मशीन विकून टाकणार. सीरियसली सांगतोय."

"पाकिटातलं?" अण्णासाहेब उसळले. "ते मांस असतं? ओल्या पत्त्यांचा कॅट असतो तो!"

"असू दे. तुम्ही आराम करा."

 यंत्र गेलं तर आपण कोण, याचं उत्तर त्यांना लगेच मिळालं: दुकानात मधेमधे येणारा एक म्हातारा. दर्शन त्यांना खुर्ची देईल, गिऱ्हाइकं बाजूने वाट काढतील आणि 'जाड' या शब्दावर कुणालाही काही म्हणायचा हक्क आपल्याला उरणार नाही. त्यांना भीती वाटली. ती त्यांनी सगळ्या जगावर राग काढून लपवली.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुकान सकाळपासून थंड होतं. एकही मराठी गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. मराठी माणसाला मराठी माणसाचा धंदा बघवत नाही, असा अण्णासाहेबांनी त्यातून अर्थ काढला. दुपारी सुयश पानसे आला. हा मूळचा पुण्याचा, कुठल्याशा बँकेत कॉम्प्युटरवर काही करणारा, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत दोघांबरोबर फ्लॅट वाटून राहणारा तरुण. दाढी कोरलेली, गळ्यात ऑफिसचं कार्ड. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीचं खाणं यंदा त्याच्याकडे होतं. अण्णासाहेबांना तो बघताक्षणीच आवडला नाही, पण तसं तर त्यांना कुणीच आवडत नसे.

"काका, सॅटर्डेला खोर फक्कानला पिकनिक आहे. एक बसभर लोक. टर्की आणि चिकनची सँडविचेस तुमच्याकडून. आणि शनिवार पाळणाऱ्यांसाठी बटाट्याची."

"सुट्टी शुक्रवारची होती तेव्हा सगळे निमूट कोंबडी खात होते," अण्णासाहेब म्हणाले. "सरकारने सुट्टी शनिवारवर नेली आणि निम्म्या मंडळाला मारुती आठवला."

सुयश हसला. मग जरा चाचरला. "एक रिक्वेस्ट होती. मागच्या वेळी तुमच्याकडचं सँडविच उघडलं, तर आत चुरा होता. बीचवर वारा असतो हो, सगळं उडून जाईल. थोडं जाड स्लाइस कराल?"

गल्ल्यावर दर्शनने मान वर केली.  त्याने वडिलांकडे बघितलं आणि मग यंत्राकडे बघितलं. अण्णासाहेबांना ती नजर कळली. त्यांनी यंत्र बंद केलं, हातमोजा काढला, चष्म्यावरून बघितलं. चपलेचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आज नुसतं बोलून भागणार नव्हतं.

"आधी चव बघ," असं म्हणत त्यांनी जाळीचा एक पुंजका त्याच्यापुढे धरला.

"आज नको, काका."

"विष नाही घातलेलं."

"तसं नाही हो. आज नको, एवढंच." सुयशने विषय बदलायला यंत्राकडे बोट केलं. "हा लाल डॉट कसला आहे? त्यावर लावून बघता का?"

"तो माझ्या बायकोचा ठिपका आहे."

"म्हणजे जाड?"

"म्हणजे चुकीचा." आणि इथे अण्णासाहेबांना संधी दिसली. या पोराला, आणि गल्ल्यावरच्या पोरालाही, एकदाच काय ते दाखवून द्यावं. त्यांनी अंगठ्याने चाचपून चकती ठिपक्यावर आणली, यंत्र सुरू केलं, टर्कीचा एक काप काढला आणि काचेवर पसरला. खाली डिसेंबरचं पान होतं. "हा बघ जाड काप. आता यातून खालचं वाच. नाही वाचता येणार. मराठी येतं ना वाचायला, की पुण्यात तेही बंद झालं?"

सुयश वाकला.

"'गुरुवार, चार,'" त्याने वाचलं. "'श्रीदत्तजयंती.' खाली 'मार्गशीर्ष शुक्ल'... पुढे बारीक आहे. 'पौर्णिमा प्रारंभ.' त्याच्याखाली सूर्योदय, सूर्यास्त. वेळा पण वाचू?"

"हो," अण्णासाहेब म्हणाले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

त्याने वेळाही वाचल्या. न अडखळता वाचल्या.

"बघू," असं म्हणून अण्णासाहेब वाकले. नाक टर्कीला टेकेल एवढे वाकले. खाली धुकं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग त्यांनी काप उचलून बाजूला ठेवला. इतके महिने त्यांनी हे कधी केलं नव्हतं. नुसत्या काचेखालचं गेल्या महिन्याचं पान कशाला कोण वाचतं?

काप उचलला तरी धुकं तिथेच होतं.

ते तसेच वाकून राहिले. दिवे नवे होते. काच नवी होती. पातं नवं होतं. मांस नव्या सप्लायरचं होतं. जुनं असं त्या काउंटरवर एकच काहीतरी उरलं होतं आणि ते त्यांच्या चष्म्यामागे होतं.

"काका, मानलं तुम्हाला," सुयश त्यांच्या वाकलेल्या डोक्यावरून म्हणत होता. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तो खरोखरच खूश झाला होता. "मला वाटलं डॉटवर जाड येईल. हे तर आरपार दिसतं, आणि फाटतही नाही. परफेक्ट आहे. हेच द्या."

"बघा अण्णा, जमतंय की!" गल्ल्यावरून दर्शन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "चला, मिटलं. असंच सगळं कापा, मशीन कशाला विकतोय मी? इन्शाल्ला रेटिंगही वर जाईल."

म्हणजे अण्णासाहेब जिंकले होते. यंत्र राहिलं होतं. एक पुणेकर त्यांच्यापुढे नमला होता, आणि तोही मनापासून. क्षणभर त्यांना ते आवडलंसुद्धा. नेलपॉलिशचा ठिपका जरासा उंचवटा घेऊन वाळला होता, अंगठ्याला बरोबर लागत होता. डोळे मिटूनसुद्धा चकती तिथे आणता आली असती. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. तिथी कुणी विचारली तर 'दिसते' म्हणायचं. तेवढी सवय झालीच होती.

सुयश ॲडव्हान्स देऊन गेला. अण्णासाहेबांनी अंगठा ठिपक्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. याच ठिपक्यावर काढलेल्या कापाला ते भर दुकानात पोळी म्हणाले होते. मागे खुंटीवर पांढरं काहीतरी लोंबत होतं. तो ॲप्रन आहे हेही त्यांना दिसत नव्हतं, फक्त माहीत होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ती कुणावर ढकलावी हे त्यांना प्रथमच कळेना.

त्यांनी यंत्र बंद केलं. काचेवरचा तो काप बटर पेपरमध्ये गुंडाळला. काचेखालचं पान ओढून काढलं.

"कुठे चाललात?" दर्शनने विचारलं.

"वर."

वर कमलिनी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करत होती. ओट्यावर साबुदाणा भिजवून ठेवलेला होता. अण्णासाहेब दारात थांबले नाहीत. सरळ आत गेले, ओट्यावर पान पसरलं, बटर पेपर उघडला आणि टर्कीचा काप दत्तजयंतीवर ठेवला.

"कमल, हे वाचून दाखव."

कमलिनीने आधी कापाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिचा हात कुटातच थांबला. "आज काय आहे?"

"मंगळवार."

"मंगळवार आहे ते मलाही माहितेय. भिंतीवर बघा. तुमच्या नाकासमोर मोठ्या लाल अक्षरांत छापलंय. वाचा."

अण्णासाहेबांनी भिंतीकडे बघितलं. तिथे एक पांढरा चौकोन होता आणि चौकोनात कुठेतरी काहीतरी लालसर होतं.

"दिसत नाही," ते म्हणाले.

कमलिनीने मान वळवली. लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून तिने हे दोन शब्द ऐकले नव्हते. 'नाही'सुद्धा ते नेहमी दुसऱ्याबद्दलच म्हणत.

"अंगारकी आहे," ती म्हणाली. "आज सगळ्या मराठी घरांत उपास आहे. खालच्या गिऱ्हाइकांवरून तरी कळायला हवं होतं. आणि तुम्ही माझ्या ओट्यावर टर्की आणून ठेवलीत."

अण्णासाहेबांनी काप घाईघाईने उचलला आणि कुठे ठेवावा हे न कळून तळहातावरच धरला. "ठिपका बरोबर होता तुझा," ते म्हणाले. "त्या पानशांच्या मुलाने सगळं वाचलं. सूर्योदयसुद्धा. मलाच दिसत नाही. काप काढून घेतला तरी दिसत नाही."

 कमलिनीने हात धुतले, पदराला पुसले आणि डबा बंद केला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे अण्णासाहेबांना नीट कळलं नाही. ते धुक्यामुळे की लाजेमुळे, हेही कळलं नाही.

"सहलीची ऑर्डर कधीची आहे?"

"शनिवारची."

"मग शुक्रवारी कापायची. मी येईन. यंत्रावर मी, घड्या घालायला तुम्ही. आणि उद्या सकाळी आधी डोळ्यांचा डॉक्टर. मोतीबिंदू असणार, दुसरं काय. दर्शनला मी सांगते."

अण्णासाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. यंत्र राहिलं, बायको खाली येणार, डोळ्यांचंही होईल काहीतरी. आणि ओझं उतरताच त्यांची मान आपोआप ताठ झाली, भुवई आपोआप वर गेली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण सलामी ठिपक्यावर कापू नकोस हं. सलामीला जरा अलीकडे घ्यायचं. तुझा हात मुळात थोडा—"

"अहो," कमलिनी म्हणाली.

ते थांबले.

"तुम्हाला दिसत नव्हतं ना? मग दहा माणसांसमोर माझेच काप जाड कसे दिसले हो?"

   अण्णासाहेबांच्या तळहातावरची टर्की गार आणि ओलसर लागत होती. ती घेऊन ते स्वयंपाकघराबाहेर गेले, मग फ्लॅटच्या दाराबाहेर गेले आणि तिने आत बोलवेपर्यंत जिन्यातच उभे राहिले.